हात बसला की डोळा झोपतो

महाराष्ट्रात शाळा शिकलेल्या कुणाला एलिमेंटरी-इंटरमिजिएट म्हणजे काय, हे समजावून सांगावं लागत नाही. कला संचालनालयाच्या या रेखाकला परीक्षांना दरवर्षी लाखो मुलं बसतात. काखेत बोर्ड, पिशवीत रंगपेटी, पाण्याचा डबा आणि कंपासपेटी असा सरंजाम घेऊन केंद्रावर जायचं, पेपर द्यायचे आणि निकालाची वाट बघायची. इंटरमिजिएटच्या श्रेणीचे वाढीव गुण दहावीला मिळतात, त्यामुळे चित्रकलेची फारशी गोडी नसलेली मुलंही हल्ली बसतात. मग दहावी होते आणि पेन्सिल सुटते.

या परीक्षांतला सगळ्यात मजेशीर पेपर स्मरणचित्राचा. डोळ्यांनी पाहिलेलं आठवून कागदावर उतरवायचं, हा त्यामागचा मूळ हेतू. प्रत्यक्षात मुलं पाहिलेलं आठवत नाहीत, घोटलेलं आठवतात. क्लासमध्ये चार-पाच आकृत्या बसवून घेतलेल्या असतात: पाठमोरा टोपलीवाला, बसलेली भाजीवाली, फुगे धरलेलं पोर, छत्रीतला म्हातारा. विषय ‘बाजार’ आला की हे चौघे बाजारात, ‘बसथांबा’ आला की हेच चौघे रांगेत आणि ‘जत्रा’ आली की यांच्याच मागे एक आकाशपाळणा. आकृत्या सफाईने उतरतात, श्रेणीही मिळते. बाजारात उभं राहून भाजीवाली नेमकी कशी बसते, हे मात्र त्या मुलानं कधी बघितलेलं नसतं.

चित्र सरावानं सुधारतं, असं सगळेच सांगतात आणि ते खरंही आहे. पण या मुलानंही सरावच केलेला असतो, तोही महिनोन्‌महिने. वर्षानुवर्षं चित्रं काढणाऱ्या माणसांकडे बघितलं तरी दोन तऱ्हा दिसतात. काहींची रेषा वयागणिक मोकळी होत जाते. काहींची एका सफाईदार साच्यात जाऊन बसते आणि तिथून हलत नाही. घाम दोघांनीही सारखाच गाळलेला असतो. मग फरक पडतो कुठे? महाराष्ट्र-गोव्यातल्या चित्रकारांनी गेल्या दीडशे वर्षांत जो उद्योग केला, त्यात या प्रश्नाचं बरंचसं उत्तर सापडतं.

एका तांब्याचा काठ आणि बूड

सुरुवात वस्तुचित्रापासून करू. समोर स्टुलावर एक पितळी तांब्या ठेवलेला आहे. नजरेच्या पातळीपेक्षा थोडा खाली, म्हणजे त्याचं तोंड वरून जरासं दिसेल असा. नवशिक्याला काढायला सांगा. दहांतले नऊ जण तोंड भलं मोठं उघडं काढतात आणि बूड सरळ आडव्या रेषेत आपटतात. त्यांच्या बाजूनं बघितलं तर ते बरोबरच आहे. तांब्याचं तोंड गोल असतं हे आपल्याला माहीत असतं, म्हणून ते गोलाकडे झुकतं. तांब्या सपाट फळीवर बसलेला असतो हेही माहीत असतं, म्हणून बूड सपाट होतं.

दिसतं मात्र याच्या नेमकं उलट. वर्तुळ नजरेच्या पातळीच्या जितकं जवळ, तितकं ते चपटं दिसतं. जितकं खाली, तितकं ते गोलाईकडे जातं. तांब्याचा काठ नजरेच्या पातळीला जवळ, म्हणून त्याचं लंबवर्तुळ चपटं. बूड खाली, म्हणून त्याचा वळसा काठापेक्षा अधिक गोल. शिवाय लंबवर्तुळाच्या दोन्ही टोकांना टोक नसतंच, तिथं रेषा वळते. पण हात घाईत तिथं कोपरा करतो आणि तांब्याच्या तोंडाची होडी होते. गळ्याची रुंदी पोटाच्या निम्मी की दोन तृतीयांश, हेही डोळ्याच्या अंदाजानं चुकतंच. त्यासाठी कलाशिक्षक जुनी युक्ती शिकवतात: हात कोपरातून पूर्ण ताठ, एक डोळा बंद, पेन्सिलीच्या टोकापासून अंगठ्याच्या नखापर्यंत गळा मापायचा आणि तेच माप पोटावर किती वेळा बसतं ते मोजायचं. हात जरा वाकला की माप बदललं.

म्हणजे हा तांब्या चुकतो तो हाताला कंप आहे म्हणून नव्हे. ज्याला सही करता येते, सुईत दोरा ओवता येतो, त्याच्या बोटांत तांब्या काढण्याइतकं कसब असतंच. 1997मध्ये डेल कोहेन आणि सुझन बेनेट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी हाच प्रश्न प्रयोगातून तपासला. माणसांना दिसतं ते काढता का येत नाही, याची संभाव्य कारणं त्यांनी वेगवेगळी केली: हात कमी पडतो, काय काढायचं आणि काय गाळायचं हे ठरवता येत नाही, स्वतःच्या चित्रातली चूक दिसत नाही, की मुळात समोरची वस्तूच चुकीची दिसते? छायाचित्रावर कागद ठेवून गिरवायला दिलं तर सामान्य माणसांचंही काम ठीक उतरलं. हात फारसा दोषी नव्हता. सगळ्यात मोठा दोष वस्तूच्या चुकीच्या आकलनाचा निघाला. पुढे 2005मध्ये कोहेननं आणखी एक गोष्ट दाखवली: कसलेले चित्रकार कागदावरून समोरच्या वस्तूकडे नवशिक्यांपेक्षा जास्त वेळा बघतात. थोडं बघायचं, पण वारंवार बघायचं. नवशिका एकदा बघून घेतो आणि मग बराच वेळ कागदाशीच बोलत बसतो. त्या मधल्या वेळात डोळ्यांसमोरचा तांब्या मागे पडतो आणि मनातला तांब्या उतरू लागतो.

नकलेतून नजर

मुंबईच्या सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेचे, म्हणजे जे.जे.चे, वर्ग 1857मध्ये सुरू झाले. विलायतेतल्या साउथ केन्सिंग्टनच्या शिक्षणपद्धतीचा इथं मोठा प्रभाव होता. आधी छापील नमुन्यांवरून बाह्यरेषा गिरवायच्या, मग प्लास्टरचे पुतळे काढायचे आणि त्याहून पुढे जिवंत माणूस. ही उतरंड चढायला वर्षं लागत. या पद्धतीवर पुढे पुष्कळ टीका झाली आणि ती रास्तही होती, कारण छापील नमुना विद्यार्थ्याच्या वतीनं आधीच बघून ठेवलेला असतो. कुठली रेषा ठेवायची, कुठली गाळायची, हा सगळा निर्णय दुसऱ्यानं घेतलेला. विद्यार्थ्यानं फक्त ती रेषा बिनचूक उतरवायची.

पण याच शाळेत नकलेचा दुसरा एक प्रचंड प्रकल्प झाला आणि त्याचं फळ वेगळं निघालं. 1872पासून 1885पर्यंत इथले शिक्षक जॉन ग्रिफिथ्स विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला जात राहिले. पेस्तनजी बोमनजी हे त्या विद्यार्थ्यांतलं ठळक नाव. लेण्यांत उजेड अपुरा, गिलावा ठिकठिकाणी निखळलेला, रंग काळवंडलेले. कुठं नुसती एक भुवई शिल्लक, कुठं हाताची चार बोटं आणि पाचवं गळून पडलेलं. इथं गिरवायला आयती रेषा नव्हती. रेषा कुठून आली असेल आणि कुठं जात असेल, हे भिंतीकडे बघून ताडावं लागे. काम नकलेचंच, पण प्रत्येक वितीला बघणं भाग होतं. यातल्या बऱ्याच नकला पुढे लंडनमध्ये आगीत जळाल्या. ग्रिफिथ्स यांचा दोन खंडांचा ग्रंथ 1896-97मध्ये निघाला. त्या फेऱ्यांत तयार झालेली नजर मात्र विद्यार्थ्यांकडेच राहिली.

म्हणून ‘नक्कल करावी की नाही’ या वादात मला फारसा अर्थ दिसत नाही. नकलेतही बघावं लागत असेल तर ती उपयोगी पडते. बघायची गरजच उरली नाही तर तिची घोटाई होते.

एकेचाळीस वर्षं

महादेव विश्वनाथ धुरंधर 1890मध्ये कोल्हापूरहून या शाळेत विद्यार्थी म्हणून आले. तिथंच शिक्षक झाले, वरच्या पदांवर गेले आणि 1931मध्ये निवृत्त झाले. ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ हे त्यांच्या आठवणींच्या पुस्तकाचं नाव म्हणूनच हिशेबाला चोख आहे. 1895मध्ये, विद्यार्थिदशेला पाच वर्षं झाली असताना, ‘हॅव यू कम, लक्ष्मी?’ या चित्राला बॉम्बे आर्ट सोसायटीचं सुवर्णपदक मिळालं. एवढ्या लवकर एवढा मान मिळाल्यावर त्याच चित्राच्या आवृत्त्या काढत उरलेली वर्षं सहज घालवता आली असती.

धुरंधरांचा माणसं बघण्याचा हव्यास त्यांना तिथं थांबू देत नव्हता. ऑटो रॉथफेल्ड यांच्या ‘विमेन ऑफ इंडिया’ या 1920च्या पुस्तकातली त्यांची चित्रं चाळून बघावीत. बाई म्हणून एकच ठरीव बाई काढून तिला वेगवेगळी वस्त्रं नेसवली, असं तिथं होत नाही. नेसण बदलली की उभं राहणं बदलतं, पदराचा भार कुठल्या खांद्यावर आहे त्याप्रमाणे मान बदलते, काष्टा असेल तर पाऊल वेगळं पडतं. हे तपशील घरात बसून सुचत नाहीत. रस्त्यावरच्या, बाजारातल्या, घरातल्या माणसांची रेखाटनं ज्यानं सतत केली, त्याच्याच हाताला ते सापडतात.

त्यांच्या मोठ्या ऐतिहासिक आणि पौराणिक तैलचित्रांत मात्र मला कधीकधी हात डोळ्याच्या पुढे गेलेला दिसतो. मुद्रा ओळखीच्या वाटतात, माणसं रंगमंचावर उभी असल्यासारखी ओळीनं उभी राहतात. तोच चित्रकार, तेच कसब. समोर जिवंत माणूस असला की रेषा ताजी, मनातलं भव्य दृश्य रचायला बसलं की साचा डोकावतो. इतक्या मोठ्या कलावंतालाही यातून सुटका नव्हती, तर आपली काय कथा!

शाळेबाहेरचे दोघे

सरावाची चर्चा शाळेच्या भिंतींत संपत नाही, कारण आपल्याकडचे दोन सर्वांत ओळखीचे रेखाटनकार त्या भिंतींबाहेरच घडले.

आर. के. लक्ष्मण यांना याच जे.जे.नं प्रवेश नाकारला होता. प्रवेशासाठी लागणारी गुणवत्ता रेखाटनांत दिसत नाही, असा निर्वाळा आला. मैसूरला पदवी घेऊन ते मुंबईत आले, वर्तमानपत्रात स्थिरावले आणि पुढे त्याच शाळेनं त्यांना पाहुणे म्हणून सन्मानानं बोलावलं. या गोष्टीतला काव्यगत न्याय सगळ्यांना आवडतो. मला त्यातली कावळ्यांची बाजू अधिक महत्त्वाची वाटते. लहानपणापासून लक्ष्मण कावळे काढत आले. देशभर नाव झाल्यावरही काढत राहिले, त्यांची प्रदर्शनं भरवली. कावळ्याला पोर्ट्रेटसाठी बसवता येत नाही. तो मान तिरकी करतो, दोन उड्या मारतो, उडून जातो. पक्षी तोच आणि रंगही काळाच, तरी प्रत्येक वेळी पवित्रा निराळा. त्यांच्या व्यंगचित्रांतल्या कॉमन मॅनचा चौकड्यांचा कोट, धोतर आणि टकलाभोवतीचे केस हा त्यांनी जाणूनबुजून घेतलेला साचा होता; तो रोज तसाच असायला हवा होता. कावळा मात्र साच्यात बसायला तयार नव्हता आणि बहुधा म्हणूनच त्यांनी तो सोडला नाही.

दुसरे गोव्याच्या लोटलीचे मारियो मिरांडा. कुठल्याही कलाशाळेत ते शिकले नाहीत. लहानपणी भिंतींवर चित्रं काढायचे, म्हणून आईनं कोरी वही हातात दिली. त्या वहीतून चित्रमय रोजनिशीची सवय लागली आणि ती तारुण्यातही टिकली. 1949, 1950 आणि 1951 या वर्षांच्या रोजनिश्या पुढे पुस्तकरूपानं प्रसिद्ध झाल्या आहेत. गावातलं लग्न, पाद्री, वाजंत्री, ताव्हेर्नातले गडी, मित्रांबरोबरचा उनाडपणा, सगळं त्यांत आहे. रोजनिशीची एक गंमत असते. आज काय झालं ते काढायचं म्हटलं की कालचं चित्र पुन्हा काढता येत नाही. आज भेटलेल्या माणसाचं पोट कालच्या माणसापेक्षा मोठं होतं का, त्याची टोपी कशी बसली होती, हे आठवावंच लागतं. पुढे कुलाब्याच्या कॅफे माँडेगारच्या भिंतींवर त्यांनी जी गर्दी उभी केली, तिच्यात दोन माणसं एकमेकांसारखी नाहीत, याचं मूळ मला त्या वह्यांत दिसतं.

दोघांनाही रोजचं काम होतं आणि ठरलेली वेळ होती. नुसत्या इच्छेवर चाललेला सराव महिना-दोन महिन्यांत गळतो. कुणीतरी वाट बघत असलं, छापखाना थांबलेला असला, निदान वहीचं पान कोरं राहणार असलं, की पेन्सिल उचलली जाते. दिवाळी अंकांनी मराठीत नेमकं हेच काम केलं. चित्रकार दीनानाथ दलालांनी 1945मध्ये स्वतःचा ‘दीपावली’ सुरू केला. पावसाळ्यात कथांची हस्तलिखितं चित्रकारांच्या घरी पोचू लागत आणि गणपतीच्या आगेमागे चित्रं छापखान्यात जायला हवी असत. वसंत सरवटे सिमेंट कंपनीत स्थापत्य अभियंता होते. नोकरी सांभाळून त्यांनी दशकानुदशकं अंकांसाठी आणि पु. ल. देशपांड्यांच्या पुस्तकांसाठी रेखाटनं केली. दिवसभर नकाशे, संध्याकाळी माणसं. ‘वेळ मिळत नाही’ म्हणणाऱ्यांसमोर त्यांचं नाव हमखास ठेवावं.

तासांचा हिशेब

प्रावीण्यासाठी लागणाऱ्या दहा हजार तासांच्या सरावाचा आकडा आता सगळ्यांच्या तोंडी आहे. त्याचा उगम अँडर्स एरिक्सन आणि सहकाऱ्यांच्या 1993च्या अभ्यासात आहे. बर्लिनच्या संगीतशाळेतल्या व्हायोलिनवादकांपैकी सर्वोत्तम गटानं विसाव्या वर्षापर्यंत सरासरी एवढा रियाज केलेला आढळला. 2008मध्ये माल्कम ग्लॅडवेलच्या पुस्तकानं तो आकडा घराघरांत नेला आणि वाटेत अभ्यासातला मुख्य मुद्दा गळाला. एरिक्सन यांचा भर तासांवर नव्हता. न जमणारं नेमकं हेरून त्यावर काम करायचं, चूक लगेच दाखवणारी काहीतरी सोय ठेवायची आणि पुन्हा करायचं, अशा सरावाबद्दल ते बोलत होते. नाहीतर आपण आयुष्यात हजारो सह्या करतो. अक्षर काही त्यानं सुधारत नाही, उलट सही दिवसेंदिवस दुर्बोध होत जाते.

हे चित्रकलेत कसं करायचं, याचे प्रकार जुने आणि बिनखर्ची आहेत. कागदाकडे न बघता, नजर वस्तूच्या कडेवरून सावकाश फिरवत रेषा काढायची. चित्र वेडंवाकडं होतं, पण डोळ्याला कडेवरून चालायची सवय लागते. खुर्ची काढण्याऐवजी तिच्या दांड्यांमधल्या पोकळ्यांचे आकार काढायचे. पोकळीचं नाव मनाला ठाऊक नसतं, त्यामुळे ते मध्ये लुडबुडत नाही. चालत्या माणसाचा अर्ध्या मिनिटात फक्त झोक आणि भार पकडायचा. क्रॉफर्ड मार्केटपासून सीएसएमटीपर्यंतच्या गर्दीत कलाशाळेतल्या पोरांच्या पिढ्या हेच करत आल्या. तिथला हमाल कुणासाठी थांबत नाही. दोन नजरांत डोक्यावरच्या ओझ्याचा कोन आणि पुढच्या गुडघ्याचं वाकणं टिपलं नाही, तर तो गेलाच.

आणि खरं स्मरणचित्र. एकोणिसाव्या शतकात पॅरिसमध्ये ओरास लकॉक द बुआबोद्राँ नावाचे चित्रशिक्षक विद्यार्थ्यांची स्मरणशक्ती शिस्तीनं तयार करून घेत. वस्तू नीट बघायची, अभ्यासायची, ती दूर झाल्यावर आठवून काढायची. आधी सोपी, मग अवघड. पुढे जगप्रसिद्ध झालेले शिल्पकार रोदँ त्यांचेच विद्यार्थी. या पद्धतीतला कळीचा टप्पा शेवटचा आहे: काढून झाल्यावर मूळ वस्तूशी ताडून बघायचं. काय विसरलो आणि त्या जागी मनानं काय घुसडलं, हे तिथं उघडं पडतं. आपण बसथांब्यावर पाच मिनिटं बघून, घरी येऊन काढलं आणि दुसऱ्या दिवशी त्याच थांब्यावर वही उघडून ताडलं, तर चार महिन्यांत जो फरक पडेल तो घोटलेल्या आकृत्यांनी चार वर्षांत पडणार नाही.

मधली पडकी वर्षं

सराव मनापासून चालू असला तरी मध्येच एक काळ असा येतो की चित्रं बिघडल्यासारखी वाटतात. हौशी लोक बहुधा इथंच सोडतात. झालेलं असं असतं की डोळा पुढे गेलेला असतो. कालपर्यंत चेहऱ्यात डोळे फार वर काढलेले आहेत, हे दिसतच नव्हतं. आता दिसतं, पण हात अजून जुन्याच ठिकाणी डोळे ठेवतो. डोक्याची उंची मापली तर डोळे जवळजवळ मधोमध येतात. ही गोष्ट पुस्तकात वाचून पटत नाही, शेजारच्याचं डोकं पेन्सिलीनं मापल्यावर पटते. जुनी चित्रं अचानक वाईट दिसू लागली, तर ती प्रगतीचीच खूण समजावी आणि वह्या फाडू नयेत.

उलटा धोका स्तुतीचा असतो. एखाद्याची झाडं चांगली येतात, लोक ‘वा’ म्हणतात, मग दरवेळी झाडं येतात, तीही त्याच पानांची. चित्रकार कृष्ण हेब्बर यांच्या रेषेची वाहवा होत असतानाही ते कथक शिकले, शरीराची लय आतून कशी असते ते समजून घ्यायला. नावारूपाला आलेल्या माणसानं पुन्हा विद्यार्थी होऊन घुंगरू बांधायचे, याला हिंमत लागते. टॅबलेटवर काढणाऱ्यांना आज हा धोका जास्त आहे. थरथरती रेघ आपोआप सुबक करून देणारं साधन हाताशी आहे, चुकलेलं एका बोटानं मागे घेता येतं. सोय मोठी आहे. पण चूक डोळ्यासमोर राहतच नाही, त्यामुळे ती कुठं झाली हे कळत नाही. फोटोवरून काढण्याचंही तसंच. कॅमेऱ्यानं एका डोळ्यानं, एका क्षणी बघून ठेवलेलं असतं. आपण त्याची बाह्यरेषा उतरवतो.

पुण्या-मुंबईत सुट्टीच्या दिवशी सकाळी मंडईत, जुन्या वाड्यांसमोर, घाटांवर वही घेऊन बसणारे गट आता नेहमी दिसतात. त्यांत बँकेतले, दवाखान्यातले, संगणकावर काम करणारे, निवृत्त झालेले असे सगळे असतात. काम संपल्यावर वह्या जमिनीवर ओळीनं मांडायच्या आणि एकमेकांच्या बघायच्या, अशी त्यांची रीत. एकाच वाड्याची पंधरा चित्रं शेजारी पडली की कुणाचा डोळा कुठं चुकला, हे गुरूशिवाय कळतं. नव्यानं सुरुवात करणाऱ्याला याहून स्वस्त शाळा मिळणार नाही.

आणि बरीच वर्षं काढत असलेल्यानं एक तपासणी अधूनमधून करावी. गेल्या दोन-तीन वर्षांच्या वह्या काढून फक्त हात बघावेत, नाहीतर फक्त झाडं, नाहीतर फक्त कान. वेगवेगळ्या माणसांची बोटं एकाच पद्धतीनं वळत असतील, आंबा आणि वड पानांवरून ओळखू येत नसतील, तर तेवढ्या ठिकाणी हात बसलाय आणि डोळा झोपलाय असं समजावं. तिथं आणखी तास ओतून काही होत नाही. ती एकच गोष्ट समोर ठेवावी, मापावी आणि येत नसल्यासारखी पहिल्यापासून काढावी. ज्यांची रेषा सत्तरीतही ताजी राहते, त्यांच्यात आणि इतरांत मला तरी एवढाच फरक दिसला आहे.